एरर 'वॉज पॉप्ड अप': सारखी होणारी चूक आणि तिचा बंदोबस्त

परभणीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षांचे फॉर्म, खरिपात पीक विम्याचे अर्ज, अशी कामं. संध्याकाळी सातनंतर गर्दी ओसरली की चार-पाच पोरं इंग्रजी लिखाण तपासून घ्यायला बसतात. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, एवढंच माझं भांडवल.

मागच्या खरिपात एका पोर्टलवर आमचं घोडं अडलं. अर्ज पूर्ण भरून शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर एक सूचना यायची आणि पान गोठायचं. बाहेर रांग, आत उकाडा. मी मदत कक्षाला इंग्रजीत मेल टाकला. मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: "सर, पॉप-अप प्रॉब्लेम इज पॉप्ड अप अगेन अँड अगेन." उत्तर आलं: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप-अप बंद करा. केले बंद. सूचना यायची ती आलीच. पुन्हा लिहिलं, "स्टिल इट इज पॉप्ड अप." पुन्हा तेच उत्तर, या वेळी बाण काढलेल्या चित्रांसकट. तिसऱ्या मेलनंतर त्यांनी तक्रार निकाली काढून टाकली. दुकानात खुर्चीवर बसलेले एक मामा म्हणाले, "कामून हो सर, त्यांना मराठी येत नाही का?" मराठी येत नसावंच. पण माझं इंग्रजीही त्यांना येत नव्हतं.

त्या रात्री पोरांच्या वह्या काढून बसलो. सगळीकडे हीच गत. 'इज पॉप्ड अप', 'वॉज पॉप्ड अप', 'पॉप-अप झाल्यावर'चं 'आफ्टर पॉप-अपड', 'पेज पॉप्ड अप द एरर'. दुरुस्त करून दिलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एखादी चूक एकाची असेल तर ती निष्काळजीपणाची म्हणता येते. सगळ्यांची तीच असेल तर तिला काहीतरी कारण असतं. ते हाती लागायला मला दोन-तीन महिने लागले.

आपल्याला आधी नाम भेटलं

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना 'पॉप अप' हे आधी क्रियापद म्हणून भेटतं. आपल्याला ते मोबाइलवर भेटलं, आणि तेही वस्तू म्हणून. "पॉप-अप आला." "तो पॉप-अप काढ आधी." मराठीत तो चक्क पुल्लिंगी नाम होऊन बसला. (याच प्रकाराचा शोध लावणाऱ्याबद्दल जाता जाता: वेबपानावर वेगळ्या खिडकीत जाहिरात उघडणारा कोड 1990 च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन यांनी लिहिला, आणि 2014 साली त्यांनी त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. आम्हा केंद्रवाल्यांतर्फे ती माफी स्वीकारली आहे.)

तर हे नाम डोक्यात पक्कं बसलेलं असताना आपण इंग्रजी वाक्य लिहायला घेतो. नामाला क्रियापद लागतं, म्हणून 'इज' येतो. मग 'अप'च्या मागे-पुढे कुठेतरी भूतकाळाची 'ईडी' चिकटते. माझ्या मेलमध्ये तर नाम आणि क्रियापद एकाच वाक्यात एकमेकांच्या पायात आले होते. समोरच्या माणसाला त्यातला 'पॉप-अप' तेवढा दिसला आणि त्याने पॉप-अपचा इलाज सांगितला. त्याची फारशी चूक नाही.

हे दोन वेगळे कसे करायचे? क्रियापद दोन सुट्या शब्दांत लिहितात, मध्ये रेघ नाही. नाम किंवा विशेषण असेल तर मध्ये आडवी रेघ येते: पॉप-अप विंडो, पॉप-अप शॉप, पॉप-अप बुक. संगणकाच्या लिखाणात नाम अखंड जोडलेलंही दिसतं, त्याला हरकत नाही. गोंधळ झाला तर वाक्य भूतकाळात नेऊन बघायचं. 'मेसेज पॉप्ड अप' असं बसलं तर ते क्रियापद, रेघ पुसा. 'ईडी' लावायला जागाच सापडत नसेल, जसं 'अ पॉप-अप विंडो ओपन्ड', तर ते नाम किंवा विशेषण. हाच गोंधळ 'लॉग इन' आणि 'लॉगिन', 'बॅक अप' आणि 'बॅकअप', 'सेट अप' आणि 'सेटअप' यांच्यातही होतो आणि हीच कसोटी तिथेही चालते. मी तर दुकानाच्या भिंतीवर 'लॉगड इन, नॉट लॉगिनड' असं खडूनं लिहून ठेवलंय. लोकांना वाटतं कुठल्या तरी साइटचा पासवर्ड आहे.

'ईडी' नेहमी 'पॉप'ला लागते, 'अप'ला कधीच नाही. आणि लावताना पी दुप्पट होतो: पी-ओ-पी-पी-ई-डी. 'पॉपिंग'मध्येही दोन पी. एका पीने लिहिलं तर वाचणारा त्याचा उच्चार 'पोप्ड' असा काहीतरी करेल. बोलताना शेवटचा आवाज 'ड'पेक्षा 'ट'कडे झुकतो, 'पॉप्ट अप'. लिहिताना मात्र 'टी' घालू नका. आमच्याकडे एकाने घातला होता, ऐकून लिहितो म्हणाला.

'आला आहे' मधला 'आहे'

खरं दुखणं इथं आहे. बाकीच्या चुका दोन दिवसांत जातात, ही जात नाही.

आपण म्हणतो, 'मेसेज आला आहे', 'मेसेज आला होता'. मराठी डोकं 'आहे' दिसला की 'इज' ठेवतं, 'होता' दिसला की 'वॉज' ठेवतं. म्हणून 'मेसेज इज पॉप्ड अप', 'मेसेज वॉज पॉप्ड अप'. लिहिणाऱ्याला ते बरोबर वाटतं, कारण शब्दाला शब्द जुळलेला असतो. पण इंग्रजीत 'वॉज' आणि पुढे 'ईडी'वालं रूप आलं की वाक्य कर्मणी होतं: कोणीतरी ते केलं. 'मेसेज वॉज पॉप्ड अप' वाचून इंग्रज विचारेल, कोणी पॉप केला? जसं 'दार उघडलं गेलं' म्हटल्यावर कोणी उघडलं हा प्रश्न राहतोच.

हे पोरांना समजवायला मी व्याकरणाची पुस्तकं काढली, सकर्मक-अकर्मक सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या दिवशी पुन्हा 'वॉज पॉप्ड अप'. शेवटी उपयोगाला आल्या त्या लाह्या. नागपंचमीला आमच्याकडे ज्वारीच्या लाह्या असतात. कढई तापली की दाणा तडतडतो, फुटतो, उडी मारून वर येतो. इंग्रजीतला 'पॉप' हा शब्द मुळात त्याच आवाजावरून आलेला आहे. पॉपकॉर्न त्यातलंच. आता मराठीत आपण काय म्हणतो? 'लाही फुटली.' 'लाही फोडली' असं सहसा म्हणत नाही. फुटणं आणि फोडणं यांतला फरक शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. नारळ फोडतात, लाही फुटते. तापली की ती स्वतःच फुटते, तिला कोणी हात लावत नाही.

'पॉप अप' हे, या अर्थाने, फुटण्याच्या कुळातलं क्रियापद आहे. त्याला करणारा वेगळा नसतो. जो दिसतो तोच ते करतो. म्हणून त्याचं 'वॉज पॉप्ड अप' होत नाही, जसं मराठीत 'लाही फुटली गेली' होत नाही. त्या दिवसापासून वहीत 'वॉज पॉप्ड अप' दिसलं की मी शेजारी लाल शाईने एवढंच लिहितो: 'लाही फुटली गेली?' पोरं हसतात आणि खोडतात. व्याकरणाच्या तासाने झालं नाही ते या तीन शब्दांनी बऱ्यापैकी झालं.

मग 'आला आहे' कसं लिहायचं? 'आहे'च्या जागी 'हॅज', 'होता'च्या जागी 'हॅड'. मेसेज आला आहे: 'अ मेसेज हॅज पॉप्ड अप.' मी पोचलो तेव्हा मेसेज येऊन गेला होता: 'अ मेसेज हॅड पॉप्ड अप बाय द टाइम आय गॉट देअर.' आणि नुसतं 'आला' असेल तर काहीच लावायचं नाही: 'अ मेसेज पॉप्ड अप.' वाक्य उघडंबोडकं वाटतं, म्हणून हात 'वॉज'कडे जातो. जाऊ द्यायचा नाही.

याच आजाराचं दुसरं लक्षण म्हणजे मागे कर्म जोडणं. 'द पेज पॉप्ड अप ॲन एरर.' पान काही फोडत नाही. इथे एरर कर्ता करा, 'ॲन एरर पॉप्ड अप ऑन द पेज', किंवा पानच कर्ता हवं असेल तर क्रियापद बदला: 'द पेज डिस्प्लेज ॲन एरर', 'द पेज शोज ॲन एरर'. पडद्यावर दिसलं तर 'ऑन द स्क्रीन', मेलच्या पेटीत किंवा बोलण्यात आलं तर 'इन', दारात उभं राहिलं तर 'ॲट द डोअर'.

'एरर यायलाय' कसं लिहायचं

आमच्या भागात 'एरर येतोय' म्हणत नाहीत, 'एरर यायलाय' म्हणतात. यात दोन अर्थ असू शकतात: आत्ता या क्षणी येत आहे, किंवा सोमवारपासून सारखा येत आहे. ग्राहकाच्या चेहऱ्यावरून कोणता ते कळतं, मेलमध्ये चेहरा नसतो. 'ॲन एरर इज पॉपिंग अप' लिहिलं तर ते चूक नाही, पण 'सारखा' हा अर्थ त्यातून निसटू शकतो. तो हवा असेल तर 'कीप' घ्या: 'ॲन एरर कीप्स पॉपिंग अप.' यातली चिडचिडही आपोआप पोचते. 'अगेन अँड अगेन' जोडायची गरज उरत नाही.

तक्रार लिहिताना आणखी एक गोष्ट. 'बटण दाबलं की एरर येतो' यातला 'की' महत्त्वाचा आहे. जे दर वेळी घडतं ते साध्या वर्तमानकाळात लिहायचं: 'व्हेन आय क्लिक सबमिट, ॲन एरर मेसेज पॉप्स अप.' एकदाच घडलं असेल तर भूतकाळ: 'ॲन एरर मेसेज पॉप्ड अप यस्टर्डे.' मदत कक्षातला माणूस या एवढ्याशा फरकावरून ठरवतो की बिघाड कायमचा आहे की येऊन-जाऊन. पहिल्या वाक्यावर तो स्वतः बटण दाबून बघेल. दुसऱ्यावर 'पुन्हा झालं तर कळवा' म्हणेल.

'सडनली पॉप्ड अप' लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. अचानकपणा 'पॉप'मध्येच आहे. लाही काय हळूहळू फुटते?

गोष्ट लिहिताना मात्र एक गंमत करता येते, ती अर्जात करू नका. 'अप' पुढे आणायचा: 'अप पॉप्ड अ स्नेक.' मराठीत आपण 'निघाला की साप!' म्हणतो तसा झटका त्यात येतो. पण कर्ता सर्वनाम असेल तर क्रम फिरतो, 'अप ही पॉप्ड' होतं, 'अप पॉप्ड ही' होत नाही.

सगळंच 'पॉप' होत नाही

'पॉप अप' हातात आल्यावर पोरं सगळीकडे तेच मारायला लागली. विजेची तार सापडली की सगळ्या कुंपणाला तीच. इथे मला एक युक्ती सुचली, आणि या लेखाचं कारण खरं तर तीच आहे. अचानक येण्यासाठी मराठीत एक शब्द नाही, डझनभर आहेत, आणि ते आपण कधीच चुकत नाही. पाहुणा टपकतो, काम निघतं, अडचण उद्भवते, हरवलेला कागद सापडतो, दुकानं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात. 'काम टपकलं' किंवा 'पाहुणा उद्भवला' असं आपण थट्टेतच म्हणू. तेव्हा आधी मराठीत नेमकं क्रियापद पकडायचं, 'आला' वर समाधान मानायचं नाही. नेमकं मराठी सापडलं की इंग्रजी फार लांब नसतं.

माणसापासून सुरू करू. न बोलावता, उशिरा, किंवा येईल की नाही याचा भरवसा नसताना जो येतो तो 'टर्न अप' होतो. 'ही टर्न्ड अप ॲट लंच टाइम' म्हणजे नेमका जेवायच्या वेळी टपकला. ज्याची वाट बघितली जाते तो 'शो अप' करतो, आणि हे जास्त करून न येण्यासाठी वापरतात: 'ही डिडन्ट शो अप.' ठरलेल्या वेळी, ठरल्याप्रमाणे जे येतं ते फक्त 'अराइव्ह'. एका पोराने दुष्काळावरच्या निबंधात लिहिलं होतं की एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला 'टर्न्ड अप'. ती जलदूत गाडी पहिल्या खेपेला 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली होती आणि अख्खं लातूर तिची वाट बघत होतं. ती काही चुकून फिरकली नव्हती. तिथे 'अराइव्ह्ड'. 'पॉप अप' माणसासाठी कधी? इथे दिसला, तिथे दिसला, पुन्हा गायब, असा असेल तेव्हा. निवडणूक लागली की गावोगावच्या पारावर जे चेहरे उगवतात ते 'पॉप अप एव्हरीव्हेअर'.

'शो अप'च्या बाबतीत एक खड्डा आहे. एका मुलीने बहिणीच्या लग्नाचं वर्णन लिहिलं: 'माय अंकल शोड अस अप इन द मॅरेज.' तिला म्हणायचं होतं, मामा आम्हाला लग्नात दिसले. झालं भलतंच. 'शो'च्या मागे माणूस आणि मग 'अप' आलं की अर्थ होतो चारचौघांत खाली मान घालायला लावणं. मामांनी लग्नात आमची इज्जत काढली, असं ते वाक्य झालं. ('मामा त्यातले नाहीतच असं नाही,' असं ती नंतर म्हणाली, तो भाग वेगळा.)

हरवलेली वस्तू आपोआप सापडली तर पुन्हा 'टर्न अप'. जुन्या ट्रंकेत सातबाराची प्रत निघाली: 'द पेपर टर्न्ड अप इन ॲन ओल्ड ट्रंक.' शोधून काढली असेल तर 'फाउंड'. जाता जाता: मतदानाला किती लोक आले त्याला 'टर्नआउट' म्हणतात, 'टर्न-अप' नव्हे. आणि टीव्हीचा आवाज 'टर्न अप' करतात तेव्हा त्याला कर्म चालतं. ते वेगळं कुळ.

अचानक काम निघालं, म्हणून रजा हवी. या वाक्यासाठी लोक किती धडपडतात! 'सडन वर्क इज पॉप्ड अप' मी स्वतः वाचलंय. इंग्रजीत याला अगदी आपल्यासारखाच, गोलमोल आणि सभ्य पर्याय आहे: 'समथिंग अर्जंट हॅज कम अप.' काय ते सांगावं लागत नाही. 'काम निघालं'मध्येही आपण सांगत नाहीच.

अडचण उद्भवली, त्रास निघाला, तक्रार आली, यासाठी 'क्रॉप अप'. याची मला फार मौज वाटते. शेतकऱ्यांच्या पोरांना 'क्रॉप' म्हणजे पीक एवढंच ठाऊक, त्यामुळे 'द सोयाबीन क्रॉप क्रॉप्ड अप वेल' अशी वाक्यं येतात. 'क्रॉप अप' हा प्रयोग पिकावरून थेट आलेला नाही, खाणकामातून आला: जमिनीखालचा खडकाचा थर एखाद्या ठिकाणी पृष्ठभागावर डोकं काढतो, तेव्हा तो 'क्रॉप' झाला म्हणायचे. काळ्या मातीखाली बेसाल्टचा काळा पत्थर जवळपास सगळ्या मराठवाड्यात पसरलेला आहे. नांगर चालता चालता खडकन अडला की खालचा दगड वर आलेला असतो. औत मोडतं, बैल थांबतात. अडचण अशीच येते, सरळ चालू असलेल्या कामात खालून डोकं वर काढून. 'अ प्रॉब्लेम हॅज क्रॉप्ड अप' लिहिताना नांगराला लागलेला दगड आठवायचा. हेही कर्म घेत नाही, 'वॉज क्रॉप्ड अप' होत नाही, आणि पी इथेही दुप्पट.

मग सोयाबीन उगवलं कसं म्हणायचं? साध्या बोलण्यात 'द सोयाबीन हॅज कम अप.' कृषी विद्यापीठात शिकणारी दोन मुलं माझ्याकडे प्रकल्प अहवाल टाइप करायला येतात, त्यांच्या अहवालात 'सीड्स पॉप्ड अप' होतं. तिथे शब्द मोजून वापरावे लागतात. बीला मातीच्या आत कोंब फुटतो ते 'जर्मिनेशन', रोप मातीच्या वर दिसतं ते 'इमर्जन्स'. मराठीत आपण दोन्हीला 'उगवण' म्हणून मोकळे होतो आणि तक्रारीत घोळ होतो. बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेली टक्केवारी जर्मिनेशनची असते, सोयाबीनसाठी ती किमान 70 लागते, आणि ती प्रयोगशाळेत तपासलेली असते. शेतात कमी रोपं दिसली तर बी खराब असेल, किंवा पेरणी खोल गेली असेल, किंवा पेरल्यावर जोराचा पाऊस पडून वरची माती कडक झाली असेल. बी कुजलं का कोंब अडकला, हे न बघता 'द सीड्स डिड नॉट जर्मिनेट' लिहिलं तर समोरचा लेबल दाखवून मोकळा होईल. खात्री नसेल तर 'द क्रॉप डिड नॉट इमर्ज प्रॉपर्ली' लिहा. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच त्यात आहे.

एकामागून एक, बघता बघता, भरपूर संख्येनं उगवणाऱ्या गोष्टींना 'स्प्रिंग अप'. पावसानंतर गाजरगवत, बायपास झाल्यावर त्याच्या कडेला ढाबे आणि प्लॉटिंगच्या पाट्या, निकाल लागल्यावर क्लासेस. पॉप-अप दुकान चार दिवसांत उठतं. 'स्प्रिंग अप' झालेलं बहुधा मुक्कामाला असतं. याची रूपं वाकडी आहेत: 'स्प्रँग अप', 'हॅव स्प्रंग अप'. 'स्प्रिंग्ड' नाही.

आणि काही गोष्टी मुळात येतच नाहीत, आपणच त्यांच्यापर्यंत जातो. 'अजंता केव्ह्ज वेअर पॉप्ड अप इन 1819' या वाक्यात मला सगळ्यात जास्त हसू आलं आणि सगळ्यात जास्त वाईटही वाटलं. लेणी शेकडो वर्षं तिथेच होती, आसपासच्या लोकांना ठाऊकही होती. 1819 साली शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ती नजरेस पडली. अशा वेळी बघणारा कर्ता होतो: 'ही केम अपॉन द केव्ह्ज.' मराठीत 'नजरेस पडली' म्हणताना आपण लेण्यांना कर्ता करतो, त्यामुळे घोटाळा होतो.

हलका शब्द, जड जागा

एक वही मी अजून विसरलेलो नाही. लातूरकडचा मुलगा होता, विषय किल्लारीचा भूकंप. त्याने लिहिलं होतं: 'ऑन 30 सप्टेंबर 1993, अर्ली इन द मॉर्निंग, ॲन अर्थक्वेक पॉप्ड अप.' व्याकरण चोख. दोन पी, 'वॉज' नाही, रेघ नाही. मी शिकवलेलं सगळं त्याने पाळलं होतं. आणि वाक्य वाचवत नव्हतं. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे चारच्या सुमारास दगडमातीखाली गेली, हजारो माणसं मेली, त्याला 'पॉप्ड अप'?

'पॉप' लाहीचा शब्द आहे, खेळण्याचा आहे, मोबाइलचा आहे. त्याला वजन नाही. भूकंप 'स्ट्राइक' करतो, 'स्ट्रक'. साथ 'ब्रेक्स आउट', 'ब्रोक आउट'. त्या मुलाला मी चूक म्हणून काही दाखवू शकलो नाही. एवढंच विचारलं, घरी आजीसमोर 'भूकंप टपकला' म्हणशील का? त्याने न बोलता खोडलं.

याचंच सौम्य रूप म्हणजे सरकारी अर्ज, अहवाल, परीक्षेतला औपचारिक निबंध. तिथे 'पॉप अप' आणि 'टर्न अप' दोन्ही बोलीतले वाटतात, 'क्रॉप अप' चालून जातं. अडचणीसाठी 'अराइज' घ्या, भूतकाळ 'अरोज', 'हॅज अरिझन'. नवीन माहिती समोर आली तर 'इमर्ज'. दिसण्यासाठी साधं 'अपिअर'. आणि या तिघांनाही 'वॉज' लागत नाही. 'द प्रॉब्लेम वॉज अरिझन' हे 'वॉज पॉप्ड अप'चंच सुटाबुटातलं भावंड आहे. संगणकाच्या तक्रारीत मात्र 'पॉप्स अप' बिनधास्त लिहा, तिथे तोच शब्द घरचा आहे.

तो मेल, दुसऱ्यांदा

एवढं सगळं झाल्यावर मी तोच मेल नव्याने लिहिला. इथे देतो, कुणाला नमुना म्हणून लागला तर:

"डिअर सर ऑर मॅडम, व्हेन आय क्लिक सबमिट ऑन द लास्ट पेज, ॲन एरर मेसेज पॉप्स अप अँड द पेज फ्रीझेस. धिस हॅज हॅपन्ड विथ सेव्हन ॲप्लिकेशन्स सिन्स मंडे. आय हॅव ऑलरेडी ब्लॉक्ड पॉप-अप्स इन माय ब्राउझर, बट द मेसेज कीप्स कमिंग. अ स्क्रीनशॉट इज अटॅच्ड."

'पॉप्स अप' सुटं, 'पॉप-अप्स' रेघेसकट, दोन्ही एकाच मेलमध्ये आपापल्या जागी. 'कीप्स कमिंग' मुद्दाम घेतलं, तिसऱ्यांदा 'पॉप' आला असता तर पुन्हा बाणांची चित्रं आली असती.

तिसऱ्या दिवशी मामा परत आले, मागच्याच खुर्चीवर बसले. "आलं का हो सर उत्तर?" मी म्हणालो, "आलं ना मामा. सकाळीच टर्न अप झालं." कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेल्या पोरीने मान वर केली. "सर, 'झालं' कशाला लावलं?"